मिठाईच्या दुकानांना बॉक्स विकायचे आहेत? गुगल मॅपवरून गिऱ्हाईक असं शोधा

समजा, पुण्यात धायरीला तुमचं छोटं युनिट आहे आणि तुम्ही मिठाईचे कागदी बॉक्स छापून देता. सिंहगड रोडवर राजाराम पुलापासून धायरी फाट्यापर्यंत किती स्वीट मार्ट आहेत? त्यातली कोणती स्वतःच्या नावाचा बॉक्स वापरतात आणि कोणती बाजारातला तयार बॉक्स उचलतात? पूर्वी गाडी काढून फिरल्याशिवाय हे कळत नसे. आज यातलं बरंचसं गुगल मॅपवर फुकट दिसतं. तरीही बहुतेक जण तिथून नुसते फोन नंबर उचलतात आणि दिवसभर ‘नको’ ऐकतात. माझं सांगणं आहे की नंबर सगळ्यात शेवटी घ्या, आधी दुकान वाचा. बॉक्सचं उदाहरण घेतलंय, पण एसी दुरुस्ती, हिशेबाची कामं, फोटोग्राफी असा दुकानदारांशी संबंध येणारा कुठलाही धंदा असला तरी रीत हीच.

१. भाग लहान घ्या

‘मिठाई दुकाने पुणे’ असं शोधलंत तर शहरातली नामांकित दुकानं आधी येतील. त्यांचे बॉक्सवाले वर्षानुवर्षं ठरलेले असतात आणि तुमच्यासारखे सगळे त्यांनाच फोन करतात. शिवाय एका शोधात यादी साधारण १२० नावांच्या आसपास थांबते, त्यामुळे मोठा भाग घेतला की लहान दुकानं गळतात. म्हणून नकाशा आनंदनगर किंवा वडगाव एवढाच दिसेल इतका झूम करा, मग शब्द टाका. नकाशा थोडा सरकवला की ‘या भागात शोधा’ असं बटण येतं. ते दाबत पुढे जा. सुरुवातीला माल पोचवायला सोपं पडेल एवढंच अंतर धरा. दिवाळीत दुकानदाराला संध्याकाळी अचानक दोनशे बॉक्स लागले आणि तुम्ही अर्ध्या तासात नेऊन दिलेत, तर पुढच्या वर्षी तो दुसऱ्याला विचारणार नाही.

२. पाटीवरचे शब्द वापरा

दुकानदार आपलं दुकान ज्या नावानं नोंदवतो त्याच नावानं ते सापडतं. ‘स्वीट मार्ट’, ‘स्वीट होम’, ‘स्वीट्स अँड नमकीन’, ‘फरसाण’, ‘डेअरी’, ‘बेकरी’, ‘केक शॉप’, ‘पेढे’ हे सगळे शब्द वेगवेगळे टाका, मराठीत आणि इंग्रजीतही. डेअरी मुद्दाम शोधाच. पुण्यातल्या कित्येक डेऱ्यांत श्रीखंड, पेढे, बर्फी विकतात, पण नकाशावर त्या मिठाईच्या यादीत दिसत नाहीत.

३. दुकान वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा.

आधी फोटो उघडा, त्यातही मालकानं टाकलेल्यांपेक्षा गिऱ्हाइकांनी टाकलेले. त्यात काउंटरमागे रचून ठेवलेले बॉक्स दिसतात. पांढरा कोरा बॉक्स आणि वर दुकानाचा स्टिकर असेल, तर त्या मालकाला आपलं नाव बॉक्सवर हवं आहे, पण छपाईची मोठी ऑर्डर त्याला परवडत नसावी. कमी संख्येत छापून देणारा त्याच्यासाठी कामाचा माणूस. ‘शुभ दीपावली’ छापलेले तयार बॉक्स बारा महिने दिसत असतील, तर तिथे बॉक्सकडे कोणी फारसं लक्ष दिलेलं नाही. आणि उत्तम छापील, फॉइल मारलेला बॉक्स असेल, तर ते दुकान यादीत खाली ढकला. तिथे भाव पाडल्याशिवाय शिरकाव होणार नाही.

एक गोष्ट खास पाहा. मिठाईच्या बॉक्सभोवती गुंडाळायची प्लास्टिक फिल्म १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे. एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर बंदी आली, त्या यादीत तिचं नाव स्पष्ट आहे. अलीकडच्या फोटोत ती दिसली, तर त्या मालकाला झाकण नीट बसणारा, फिल्मची गरज न पडणारा बॉक्स दाखवा. फक्त ‘तुम्हाला दंड होईल’ अशी सुरुवात करू नका. भीती घातलेला दुकानदार माल घेत नाही, तो दार लावून घेतो.

मग अभिप्राय ‘नवीनतम’ या क्रमानं लावा. ‘बॉक्स फाटला’, ‘रस गळला’, ‘पॅकिंग छान’ असे शब्द शोधा. गुलाबजामचा पाक पिशवीत सांडल्याची तक्रार म्हणजे तुमचा विषय तिथे आधीच निघालेला आहे. मालक अभिप्रायांना उत्तरं देत असेल तर तो फोनही उचलेल असं धरायला हरकत नाही. ‘या व्यवसायाचे मालक आहात का?’ अशी ओळ दिसली, तर ती नोंद मालकानं स्वतःच्या ताब्यात घेतलेली नाही. तिथला नंबर आणि वेळ तपासूनच घ्या. ‘कायमचे बंद’ असलेली दुकानं गाळा.

शेवटी स्ट्रीट व्ह्यू, म्हणजे मॅपमध्येच दिसणारी रस्त्यावरची चित्रं. भारतात तो जुलै २०२२ मध्ये दहा शहरांपासून सुरू झाला, त्यात मुंबई, पुणे, नाशिक आणि तेव्हाचं अहमदनगर होतं. दुकानाचा दर्शनी भाग, पाटी, टेम्पो उभा करायला जागा, शेजारी मंगल कार्यालय आहे का, हे त्यात दिसतं. चित्र कोणत्या महिन्यातलं आहे ते स्क्रीनवर लिहिलेलं असतं. जुनं असेल तर त्यावर विसंबू नका.

४. वही करा, पण हातानं

एका क्लिकवर हजारो नंबर काढून देणारी सॉफ्टवेअरं मिळतात. गुगलच्या अटींमध्ये अशा घाऊक उपशाला परवानगी नाही, आणि तो माल उपयोगाचाही नसतो, कारण त्यात फोटो कोणी पाहिलेले नसतात. साध्या शीटमध्ये एवढं लिहा: दुकानाचं नाव, भाग, सध्याचा बॉक्स कसा, काय खटकलं, आपण काय देऊ शकतो, फोन, कधी बोललो, काय ठरलं. ‘काय खटकलं’ हा रकाना रिकामा राहिला तर ते दुकान अजून वाचून झालेलं नाही. मॅपमध्येच ‘सेव्ह’ करून स्वतंत्र यादी केली आणि प्रत्येक ठिकाणाला टीप जोडली तरी चालतं. रस्त्यावर असताना तीच सोयीची पडते.

असं वाचलेली वीस-पंचवीस दुकानं पहिल्या फेरीला पुरतात.

५. फोन आणि भेट

मॅपवर बऱ्याच दुकानांच्या नोंदीत गर्दी कधी असते याचा आलेख असतो. तो बघा आणि गर्दी नसेल तेव्हाच फोन करा. सणाच्या आदल्या दिवशी तर करूच नका. फोनवर बॉक्स विकायचा नाही, भेटीची वेळ घ्यायची. बोलणं एवढंच असावं:

‘नमस्कार दादा, धायरीहून बोलतोय, आमचं बॉक्स छपाईचं युनिट आहे. तुमच्या अर्धा किलोच्या काजूकतलीच्या मापाचं सॅम्पल दाखवायचं होतं. बॉक्सचं मालक स्वतः बघतात का? दुपारी कधी येऊ?’

काउंटरवरचा मुलगा ‘शेठ गावाला गेलेत’ म्हणाला, तर शेठ कधी येणार ते विचारा आणि लिहून ठेवा. त्याच मुलाला गळ घालू नका. ‘नको’ आलं तर ‘काही हरकत नाही’ म्हणा, शीटमध्ये खूण करा आणि पुन्हा फोन करू नका. मॅपवरचा मोबाइल नंबर बऱ्याचदा मालकाचा घरचाही असतो. नको असलेल्या विक्रीच्या फोनची तक्रार १९०९ वर करता येते आणि तक्रारी वाढल्या तर नंबर बंद होऊ शकतो. घाऊक एसएमएससाठी ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमांप्रमाणे आधी नोंदणी लागते. व्हॉट्सॲपवर एकच मजकूर शंभर जणांना पाठवला तर खातं अडकू शकतं. दुकानाच्या अभिप्रायात आपली जाहिरात लिहिणं हे तर कधीच नको.

भेटी एका दिवशी एका पट्ट्यातल्या ठेवा. मॅपच्या एका मार्गात ९ ठिकाणं घालता येतात, तेवढी पुरे. जाताना रिकामा बॉक्स नेऊ नका, त्यांचीच अर्धा किलो मिठाई विकत घ्या आणि त्यांच्यासमोर तुमच्या बॉक्समध्ये भरा. माप बसलं की नाही ते लगेच कळतं, आणि बोलणं भावापेक्षा बॉक्सवर राहतं.

६. उधारी देण्याआधी

पहिली ऑर्डर रोखीत घ्या. पुढे उधारीचा विषय निघाला की बिलावरचा जीएसटी क्रमांक पाहा. तो १५ अक्षर-अंकांचा असतो, आणि महाराष्ट्रातला असेल तर २७ नं सुरू होतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर, कधीपासून आणि चालू आहे की रद्द, हे कोणालाही दिसतं. अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांकही बिलावर असायला हवा. लहान दुकानाकडे जीएसटी नसेल तर त्यात काही गैर नाही, तिथे शेजारच्या दुकानदाराचा शब्द जास्त कामाचा.

७. जे नकाशावर नाहीत

गल्लीतले कारखाने, म्हणजे जिथे माल बनून दुकानांत जातो, आणि घरून केक करणाऱ्या ताई बहुतेक वेळा मॅपवर नसतात. त्यांचा पत्ता भेटींमध्येच लागतो. बॉक्स घेणाऱ्या दुकानदाराला ‘तुमचा मावा कुठून येतो, केक कोण करून देतं’ असं सहज विचारा. नवी दुकानं मात्र मॅपवर लवकर येतात. दर महिन्याला तेच शब्द त्याच भागात पुन्हा टाका आणि पाच-सात अभिप्राय असलेलं, जुन्या यादीत नसलेलं नाव दिसलं की त्याच आठवड्यात जा. अशा ठिकाणी पाटी नुकतीच रंगलेली असते, लोगोची फाइल मालकाच्या फोनमध्येच असते आणि बॉक्सवाला अजून ठरलेला नसतो.