पीओई लावताना या चुका टाळा: कॅमेरा रात्रीच का बंद पडतो?

पीओई म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच उपकरणाला वीज देणं. त्यावर दिवसभर नीट चालणारा कॅमेरा अंधार पडला की बंद होतो, मिनिटभराने आपोआप सुरू होतो आणि पुन्हा बंद पडतो. अशा वेळी बरेच जण आधी कॅमेरा बदलतात. तो बदलण्याआधी एवढं करा: तो कॅमेरा स्विचजवळ (ज्याच्या पोर्टमधून केबलला डेटा आणि वीज मिळते) आणून एक मीटरच्या पॅचकॉर्डने (तयार छोट्या केबलने) त्याच पोर्टला जोडा आणि लेन्स झाकून त्याचे इन्फ्रारेड दिवे पेटू द्या. इथे नीट चालला तर दोष केबलमध्ये आहे.

स्वस्त केबल. सगळ्यात जास्त त्रास सीसीए केबल देते, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारा. पीओई प्लस या जास्त वॅटच्या प्रकारात (802.3एटी मानक, 2009) पोर्ट 30 वॅट देतो, उपकरणासाठी 25.5 वॅट धरलेले असतात. मधले साडेचार वॅट केबल खाते: 0.6 अँपिअर प्रवाह आणि 100 मीटरला 12.5 ओहम रोध धरून केलेला हा हिशेब आहे. त्यात 7.5 व्होल्ट पडतात, त्यामुळे पोर्टवर 50 व्होल्ट असले तर पलीकडे 42.5 पोहोचतात. सीसीएचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. तिथे 11 व्होल्टपेक्षा जास्त पडतात आणि उपकरणाला 39 व्होल्टही मिळत नाहीत. दिवसा प्रवाह कमी असतो म्हणून भागतं. रात्री दिवे पेटले की व्होल्टेज कोसळतं.

केबल तपासायला मल्टिमीटर पुरे. दोन्ही टोकं सुटी करा, एका टोकाला निळी आणि निळी-पांढरी तार एकमेकींना पिळा, दुसऱ्या टोकाला रोध मोजा. मीटरच्या वायरींचा स्वतःचा रोध वजा करायला विसरू नका. 24 गेज जाडीच्या 50 मीटर तांब्याच्या केबलला साधारण साडेआठ ते साडेनऊ ओहम यायला हवेत. तेरा-चौदा आले तर तार ब्लेडने खरवडून पाहा; आतून चांदीसारखी पांढरी दिसली तर केबल बदलण्याला पर्याय नाही. चारही जोड्या मोजा. एकच जोडी वेगळी आली तर संशय कनेक्टरवर घ्या.

अर्धवट बसलेली पिन. ही चूक साध्या एलईडी टेस्टरवर दिसत नाही. जोडीतल्या दोन्ही तारांतून प्रवाह समान वाटला जायला हवा. एका तारेचं क्रिम्पिंग (कनेक्टरची पिन तारेवर दाबून बसवणं) सैल असलं की तिचा रोध वाढतो, वाटणी बिघडते आणि पोर्टमधल्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यावर एकतर्फी चुंबकत्वाचा ताण येतो. वीज व्यवस्थित येते, पण लोड वाढला की डेटाची पॅकेट हरवतात. अखंड एकाच तारेच्या केबलला तिच्यासाठीचेच कनेक्टर वापरा, बारीक तंतूंपासून बनलेल्या तारेचे नकोत.

फक्त पोर्ट मोजणं. आठ पीओई पोर्ट आहेत म्हणून आठ उपकरणं चालतीलच असं नाही. स्विचची एकूण क्षमता 65 वॅट असेल, तर साध्या पीओईचे 15.4 वॅटचे चारच पोर्ट पूर्ण ताकदीने चालतात (61.6 वॅट). पुढचं उपकरण सुरूच होत नाही, किंवा कमी प्राधान्याचा पोर्ट अचानक बंद होतो. काही स्विच प्रत्यक्ष वापर न बघता उपकरणाच्या क्लासप्रमाणे (उपकरणाने स्विचला सांगितलेल्या विजेच्या श्रेणीप्रमाणे) वॅट राखून ठेवतात. क्लास न सांगणाऱ्या उपकरणासाठी पूर्ण 15.4 राखले जातात. बेरीज करताना दिवे, हीटर, मोटर सगळं चालू असतानाचा आकडा घ्या आणि वर वीस टक्के मोकळे ठेवा.

पॅसिव्ह आणि प्रमाणित पीओई एकच समजणं. इथे नुकसान कायमचं होतं. प्रमाणित स्विच आधी 10 व्होल्टच्या आसपासच्या कमी दाबाने चाचपतो आणि पलीकडे 25 किलोओहम रोधाची खूण सापडली तरच वीज सोडतो. म्हणून त्याला लॅपटॉप लावला तरी काही बिघडत नाही. पॅसिव्ह इंजेक्टर (केबलमध्ये वीज सोडणारा वेगळा ॲडॉप्टर) काहीच विचारत नाही. बहुतेकांत 4-5 क्रमांकाच्या पिनांवर धन आणि 7-8 वर ऋण, 24 किंवा 48 व्होल्ट सतत असतात, आणि भलत्या पोर्टमधले रोधक जळू शकतात. उलट 24 व्होल्टचं पॅसिव्ह उपकरण प्रमाणित स्विचवर सुरू झालं नाही, तर ते बिघडलंय असं धरू नका. स्विचला खूण सापडली नाही, इतकंच. इंजेक्टरचं आउट आणि इन उलटं लागलंय का, तेही बघून घ्या.

एक्सटेंडरने डेटाचं अंतर वाढतं, वॅट वाढत नाहीत. तो स्वतःही त्याच पोर्टमधून वीज घेतो. दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची केबल नेऊ नका, विजेच्या कडकडाटात दोन्हीकडची उपकरणं जातात. तिथे फायबर टाका आणि पलीकडे वेगळा पीओई स्विच ठेवा.

बाहेरच्या जोडात पाणी शिरलं तर साध्या नेटवर्कपेक्षा इथे फार लवकर गंज चढतो, कारण पिनांमध्ये सतत डीसी व्होल्टेज असतं. पिना हिरव्या दिसल्या तर नुसतं पुसून भागत नाही. तांबं जिथपर्यंत काळं पडलंय त्याच्या पुढे कापा, नवा कनेक्टर लावा, जलरोधक आवरण घट्ट बसवा आणि जोडाआधी केबलला खालच्या बाजूने वळसा द्या, म्हणजे पाणी तिथेच ठिबकेल.