भूगोलाच्या अभ्यासक्रमाच्या बैठकीला जाण्याआधी

अभ्यासक्रमाचा मसुदा आधी छापून घ्या. मोबाइलवर वाचलं की समासात खरडायला जागा उरत नाही. आपण बहुतेक शिक्षक पुस्तक हातात पडल्यावर जागे होतो आणि तेव्हा फार तर छपाईच्या चुका दुरुस्त होतात. म्हणून धड्यांची नावं बाजूला ठेवा, अध्ययन निष्पत्तींवर, म्हणजे शिकून झाल्यावर मुलांना काय यायला हवं त्या यादीवर, पेन चालवा: हे किती तासिकांत होईल? तासिका प्रत्यक्ष झालेल्या धरा, निवडणुकीची कामं आणि सर्वेक्षणं वजा करून.

मतं सगळेच आणतात, तुम्ही उत्तरपत्रिका न्या. कर्कवृत्त महाराष्ट्रातून नेणारे, समोच्च रेषांना (नकाशावर सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या) नद्या समजणारे पेपर, नावं झाकून झेरॉक्स केलेले.

बालभारतीचं दहावीचं भूगोल सोबत असू द्या. भारत आणि ब्राझील शेजारी ठेवून शिकवणारं ते पुस्तक सुरू होतं क्षेत्रभेटीनं, नळदुर्ग ते अलिबाग. कल्पना झकास, पण एसटीच्या पैशांचं काय? तक्रार करण्याऐवजी शाळेपासून चालत जाता येतील अशी ठिकाणं लिहून न्या आणि मुलं तिथं काय मोजतील तेही. ओढ्याचंच घ्या. वळणावर बाहेरचा काठ खचलेला असतो, आतल्या बाजूला वाळू साचते. उन्हाळ्याच्या तोंडाशी, गुडघ्याखाली पाणी असताना काठीनं दोन्हीकडची खोली मोजली की खनन आणि संचयन एका तासात कळतं. आठवडी बाजारात कुठला माल कुठून आला एवढं विचारलं तरी नकाशा भरतो.

आकड्यांची चिठ्ठी वेगळी ठेवा. २०११ च्या जनगणनेत राज्याचे ३५ जिल्हे आहेत, पालघर १ ऑगस्ट २०१४ ला झाला. नुसता जिल्हावार तक्ता छापला की तिथलं पोर आपला जिल्हा शोधत बसतं. तक्त्याखाली एक टीप मागा, फुकटात होणारं काम आहे.

दहावीला इतिहास-राज्यशास्त्राचा लेखी पेपर ४० गुणांचा, भूगोलाचाही ४० चाच. त्या ४० गुणांत क्षेत्रभेटीच्या नोंदींना जागा कुठे, हे स्पष्ट विचारा. गुण नाहीत तर ती शाळेत होणार नाही, हे आपल्याला ठाऊकच आहे.

तालुक्यातल्या चार शिक्षकांच्या सह्या, लेखी निवेदनाच्या दोन प्रती. एकीवर पोच घ्या, कारण तोंडी बोललेलं इतिवृत्तात उतरेलच असं नाही. आणि मुख्य मुद्दा जेवणाच्या सुट्टीआधी मांडा. नंतर निम्म्या लोकांना गाडी पकडायची असते.