पस्तीस मिनिटांचा पी.टी.चा तास

नाशिकच्या सातपूर भागातल्या एका मराठी शाळेत मी २९ वर्षं शारीरिक शिक्षण शिकवलं. निवृत्त झाल्यापासून नव्याने लागलेले शिक्षक फोन करतात आणि बहुतेकांचं गाऱ्हाणं एकच असतं: "बाई, पोरं साठ, तास पस्तीस मिनिटांचा, चेंडू तीन. करू काय?" बी.पी.एड.च्या, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीच्या, सराव पाठांना समोरचा गट आटोपशीर असतो, साहित्य हाताशी असतं. खऱ्या शाळेत पहिल्याच आठवड्यात माणूस गांगरतो. मीही गांगरले होते. मला जे हळूहळू जमत गेलं ते इथे लिहिते.

आधी एक हिशोब करा. वर्गातून मैदानावर यायला आणि परत जायला मिळून दहा मिनिटं जातात. हजेरी आणि सूचना धरल्या तर हातात उरतात वीस. साठ मुलांच्या दोन रांगा केल्या आणि धावून परत यायला एकाला वीस सेकंद लागले, तर रांगेतल्या तिसाव्या मुलाची पाळी दहा मिनिटांनी येते. म्हणजे पूर्ण तासात एक मूल चाळीस सेकंद हलतं आणि बाकी वेळ उन्हात उभं राहतं. आता त्याच मुलांच्या सहा-सहाच्या दहा रांगा करा. पाळी दर दोन मिनिटांनी येते आणि प्रत्येक जण दहा वेळा धावतो. मैदान तेच, वेळ तीच. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी साठ मिनिटं तरी अंग हलवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. संध्याकाळी खेळायला गल्लीत जागा नसलेल्या मुलांसाठी तुमचा तास हाच त्यातला मोठा वाटा असतो.

दहा रांगा करायच्या तर शिस्तीची घडी जूनमध्येच बसवावी लागते. पहिले दोन आठवडे मी एकही नवा खेळ शिकवत नसे. सहा-सहाचे गट पाडायचे, प्रत्येक गटाला एक गटप्रमुख, आणि तो दर पंधरवड्याला बदलायचा. प्रत्येक गटाची मैदानावरची जागा ठरलेली: एक कडुनिंबाजवळ, एक पाण्याच्या टाकीजवळ, एक झेंड्याच्या कट्ट्याजवळ. शिट्टीच्या खुणा तीनच. एक लांब म्हणजे जिथे आहात तिथे थांबा, दोन आखूड म्हणजे आपल्या जागेवर जा, तीन म्हणजे माझ्याजवळ या. मुलांना या खुणा खेळासारख्या वाटतात आणि तुमचा घसा वाचतो. ओरडून ओरडून आवाज बसलेले कितीतरी शिक्षक मी पाहिले आहेत, म्हणून हे कळकळीने सांगते. सूचना देताना तुम्ही सूर्याकडे तोंड करून उभं राहा, म्हणजे मुलांच्या पाठीवर ऊन येईल आणि त्यांना डोळे न बारीक करता तुमच्याकडे बघता येईल. सूचना एका दमात संपली पाहिजे. जास्त सांगायचं असेल तर करून दाखवा.

जूनमध्येच पालकांकडून एक कागद भरून घ्या: दमा आहे का, हृदयाचा काही त्रास, फिट येते का, अलीकडे शस्त्रक्रिया झाली आहे का. ही नावं तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर हवीत. आणि तासाच्या सुरुवातीला विचारा, "आज कोण काही न खाता आलंय?" आमच्याकडे आईवडील दोघंही कारखान्यात पाळीला जाणारी पुष्कळ घरं होती. सकाळच्या सत्राला उपाशी आलेलं मूल पळवलं तर ते चक्कर येऊन पडतं. माझ्या कपाटात फुटाण्यांचा आणि गुळाचा डबा कायम असायचा.

साहित्याचं रडगाणं मी पहिली तीन वर्षं गायलं. नंतर एका मुलाचे वडील द्राक्षाचे जुने प्लॅस्टिक क्रेट देऊन गेले आणि माझे डोळे उघडले. आपल्या जिल्ह्यात द्राक्ष आणि टोमॅटोचे क्रेट गावोगाव पडलेले असतात. उपडा क्रेट म्हणजे नेमबाजीचं लक्ष्य, सुलटा क्रेट म्हणजे चेंडू टाकायची टोपली, दोन क्रेट म्हणजे गोल. त्यावर चढून उड्या मात्र मारू देऊ नका, जुना क्रेट फुटतो आणि पाय आत जातो. उड्यांच्या दोऱ्या बाजारातून नायलॉनची दोरी आणून कापल्या. माप सोपं आहे: दोरीच्या मध्यावर मुलाने पाय ठेवला की दोन्ही टोकं काखेपर्यंत यायला हवीत. पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत वाळू भरली की खुणेचे खांब झाले. जुन्या मोज्यात चिंध्या भरून शिवलेले चेंडू लहान वर्गांना उत्तम, कारण ते लांब जात नाहीत आणि तोंडावर बसले तरी लागत नाही. हे सगळं साहित्य नोंदवहीत चढवा. उद्या खरेदीसाठी पैसे मागायला जाल तेव्हा ती वही कामाला येते.

खो-खोबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण माझा जीव त्या खेळात आहे. मोठ्यांचं मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असतं. बहुतेक शाळांच्या आवारात तेवढं बसत नाही, म्हणून खेळच नको असं ठरवू नका. आवारात मावतील तशी दोन लहान मैदानं आखा, आठऐवजी पाच जण बसवा, आणि डाव दोन मिनिटांचा ठेवा. फरशी असेल तर फक्कीऐवजी खडू चालतो, पण फरशीवर सूर मारायला कडक मनाई. खो द्यायला शिकवताना आधी पळणारा गडी नकोच. नुसती साखळी करा: एकाने पाठीमागून हात लावून स्पष्ट "खो" म्हणायचं, बसलेल्याने उठायचं आणि तोंड आहे त्याच बाजूला पहिलं पाऊल टाकायचं. पाच-सहा दिवस एवढंच. मुलं चुकतात ती इथेच, आवाजाआधी उठतात किंवा मधली पाटी, म्हणजे बसलेल्यांच्या रांगेची पट्टी, ओलांडतात. ते पाऊल बसलं की खेळ आपोआप उभा राहतो. मैदानाबाहेरच्या मुलांपैकी काहींना वेळ, काहींना गुण आणि काहींना पंच म्हणून चुका टिपायला लावा. माझ्या वर्गातली एक अबोल मुलगी अशी पंच होत होत आठवीत इतकी ठाम झाली, की तिच्या निर्णयावर मोठी मुलंही वाद घालत नसत.

पावसाळ्यात आपली काळी माती बुटाला किलोभर चिकटते, मैदान विसरा. व्हरांड्यात दोरीउड्या, वर्गात बाकं सरकवून सूर्यनमस्कार आणि तोल सांभाळण्याचे प्रकार. डिसेंबर-जानेवारीत सकाळी कडाका असतो, तेव्हा थंड अंगाने ताण देणारे व्यायाम नकोत. आधी जागेवर धावणं, साखळी-पकडापकडी, आणि घाम फुटल्यावरच स्वेटर काढायचा.

मुलींविषयी. सहावी-सातवीपासून काही जणी महिन्यातून चार-पाच दिवस भिंतीकडेला बसू लागतात. बहुतेकींना बरं नसतं म्हणून नाही, तर डाग पडेल या धास्तीने. चार मुलांदेखत कारण विचारू नका. मी वर्गात एकदाच सांगून ठेवत असे: ज्या दिवशी पळायचं नसेल त्या दिवशी वेळ घेण्याच्या गटात उभं राहायचं, कारण सांगायची गरज नाही. शिवाय साहित्य खोलीत पॅड, साबण आणि एक जास्तीची ट्रॅक पँट. पुरुष शिक्षक असाल तर एखाद्या बाईंना ही जबाबदारी सांगा, पण व्यवस्था मात्र हवीच. पुढे यातल्या बऱ्याच जणी आपण होऊन धावू लागल्या.

शारीरिक क्षमतेच्या चाचण्या जुलैत आणि पुन्हा जानेवारीत घ्या: ५० मीटर, ६०० मीटर, बसून पुढे वाकणं. ट्रॅक नसला तरी फीत घेऊन मैदानाचा फेरा मोजा. आमचा १५० मीटर भरायचा, म्हणजे चार फेऱ्या. वजन मात्र एकेकाला आत बोलावून घ्या आणि मोठ्याने वाचू नका. मुलाला फक्त त्याचा जुलैचा आकडा आणि जानेवारीचा आकडा दाखवा, शेजाऱ्याचा नको. जो विलक्षण पळतो त्याला स्वतःपाशी धरून ठेवू नका, चांगल्या प्रशिक्षकाकडे पाठवा. हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरचं कांस्य आणलं. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला नौकानयनात उतरला. अशी मुलं आपल्याच मैदानावर कुठेतरी उभी असतात. पण तास मात्र बाकीच्या एकोणसाठ जणांसाठी आखायचा.

आता मुख्याध्यापकांसाठी. माझ्या सुरुवातीच्या एका शाळेत दिवाळीनंतर पी.टी.चे तास गणिताला जायचे आणि मला पेपर तपासायला बसवलं जायचं. मी गप्प राहिले, हे मला आजही सलतं. नंतरच्या शाळेत मी एक साधी वही ठेवली: तारीख, वर्ग, तास झाला की गेला, गेला तर कशासाठी. दर महिन्याच्या शेवटी सही घ्यायला नेत असे. तक्रार एका शब्दाची नाही, नुसती वही. दोन महिन्यांत गेलेले तास निम्म्यावर आले. म्हणून विनंती आहे की त्या तासाला हात लावू नका, आणि बसची रांग, गर्दी, प्रभातफेरी, मंडप हे सगळं एकट्या पी.टी.च्या शिक्षकावर टाकू नका. त्याची तयारी मैदान आखण्यात असते, ती तास सुरू व्हायच्या आधी करावी लागते. तेवढा एक मोकळा तास वेळापत्रकात द्या.

आणि शिक्षकांनो, शाळेत तुमच्या विषयाचे तुम्ही एकटेच असता. मराठीच्या बाईंना शेजारी दुसऱ्या मराठीच्या बाई असतात, तुम्हाला कोणी नसतं. म्हणून जवळच्या चार-पाच शाळांतले मिळून एक गट करा, महिन्यातून एकदा भेटा आणि एकमेकांचा तास प्रत्यक्ष बघा. मी अजूनही बोलावलं की जाते. कट्ट्यावर बसते, दर पाच मिनिटांनी नुसती उभी असलेली मुलं मोजते आणि आकडे चिठ्ठीवर लिहिते. गेल्या महिन्यात एका तरुण शिक्षिकेच्या चिठ्ठीवर ३८, ४१, ३५, ४० असे आकडे होते. ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "बाई, पुढच्या मंगळवारी परत याल?" गेले. तिने दहा गट केले होते. चिठ्ठीवर पहिला आकडा १२ होता.