टाचेमागची शीर आणि जिन्याची पायरी

ठाण्यातल्या येऊरच्या डोंगराचा चढ पळून माझी टाचेमागची शीर, म्हणजे अकिलीस टेंडन, धरली. सकाळी पहिली दहा पावलं लंगडतच. पंधरा दिवस नुसता बसलो. दुखणं थांबलं, पण उपवन तलावाभोवती पळताना पहिल्याच फेरीत पुन्हा सुरू.

शिरेला हवं बेताचं ओझं. स्वीडनच्या आल्फ्रेडसन या हाडांच्या डॉक्टरांनी १९९८ साली मांडलेला व्यायाम असा: पायरीच्या कडेवर फक्त चवडे ठेवा, कठडा धरा. दोन्ही पायांवर उंच व्हा, मग सगळा भार दुखऱ्या पायावर घेऊन टाच पायरीखाली सोडा. सावकाश; मी मनात चार मोजतो. वर येताना चांगला पाय वापरायचा, इथेच सगळे घाई करतात. १५ वेळा, ३ फेऱ्या. गुडघा सरळ ठेवून, मग तेवढंच किंचित वाकवून. दिवसातून दोनदा, १२ आठवडे. समोरच्या काकूंनी दोनदा विचारलं, "लिफ्ट बंद आहे का रे?"

थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या सकाळी जास्त लंगडलात तर फेऱ्या कमी करा. दुखणं थेट टाचेच्या हाडापाशी असेल तर पायरी नको, सपाट जमिनीवरच करा. आणि 'कट्' आवाज होऊन चवड्यावर उभंच राहता येईना, तर व्यायाम राहू द्या, त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे जा.