पराटी लाल पडली का लगेच पंप काढू नका, या चुका टाळा

दसरा-दिवाळीच्या मधात पराटीचं (कपाशीचं) पान लाल पडलं का सारे कृषी केंद्रावर, अन् प्रश्न एकच, "भाऊ, रोग आला, काय मारू?" पहिली चूक इथंच होते. लाल्या, म्हंजे पान लाल पडणं, हा दरवेळी रोग नसते. पानात जो लाल रंग दिसून राहिला ना, तो अँथोसायनिन, झाडानं स्वतःच बनवलेलं अँटिऑक्सिडंट, म्हंजे पान जळण्यापासून वाचवणारं द्रव्य.

होते काय, वावरातली ओल कमी झाली का पान आपली छिद्रं मिटून घेते, मग कार्बन डायऑक्साइड आत येत नाही पण ऊन तर तेवढंच पडते, वरून रात्रीची थंडी, अन् न वापरलेली ती ऊर्जा ऑक्सिजनवर जाऊन सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड असले पान जाळणारे प्रकार तयार होतात. धुऱ्यावर पॅराक्वाट मारतांना वाऱ्यानं चार थेंब पराटीवर उडाले तर उन्हात कसे भुरके चट्टे पडतात, पाहिलंच असन. ते तणनाशक याच सुपरऑक्साइडनं पान जाळते. झाडाजवळ याचा बंदोबस्त असते, एक एन्झाइम सुपरऑक्साइडचं पेरॉक्साइड करते, दुसरं त्याचं पाणी करते, जोडीला व्हिटॅमिन सी अन् ई. पण या एन्झाइमला जस्त, तांबं, मँगनीज, लोह लागते, ते नसन तर महागडं टॉनिक मारून काय फायदा?

बोंडं भरतांना पानातलं नत्र अन् मॅग्नेशियम बोंडाकडे ओढलं जाते, म्हणून जुनी पानं कडेनं पिवळी अन् मग लाल होतात. पण आधी पान उलटून पाहा. खाली फिकट हिरवे, तिरके चालणारे तुडतुडे असन अन् पानाच्या कडा खाली मुडपल्या असन तर ते प्रकरण वेगळं, तिथं कीटकनाशकच लागते. तुडतुडे नसतांना उगाच मारलं तर पैसा जाते अन् मित्रकिडी मरतात.

तुडतुडे नसन अन् पान लाल पडत असन तर फवाऱ्याले 10 लिटर पाण्यात मॅग्नेशियम सल्फेट 100 ग्रॅम अन् युरिया 200 ग्रॅम, एवढं पुरते. त्यात डीएपी (नत्र-फॉस्फेटचं खत) टाकू नका. माझ्याच ड्रममधी खाली पांढरा गाळ बसला होता, नोझल तुंबलं अन् अर्धा दिवस गेला, कारण मॅग्नेशियम अन् फॉस्फेट एकमेकाले धरून बसतात. डीएपी मारायचंच असन तर चार-आठ दिवसांनी वेगळं मारा.

फवारा सकाळी नाही तर ऊन उतरल्यावर, भर दुपारी युरियानं पान पोळते, फवारणाऱ्या माणसालेही त्रास. लाल झालेलं पान सहसा परत हिरवं होत नाही, म्हणून चार दिवसांनी "औषध लागलं नाही" म्हणून दुसरा फवारा मारू नका, वरची नवी पानं पाहा.

अन् ओलित असन तर मोठ्या खंडानंतर एकदम तुडुंब पाणी देऊ नका, मुळाले हवा भेटत नाही अन् उभी पराटी एक-दोन दिवसात लुळी पडते. एकाआड एक सरी भिजवा, बाकीच्या पुढच्या पाळीले.