जंगलपट्ट्यात दुचाकी चालवताना चितळ, रोही आडवे आल्यास

चंद्रपूर–मूल किंवा परतवाडा–धारणी यांसारख्या रस्त्यांवर दुचाकी चालवणाऱ्याने आधी वेळेचा विचार करावा, कारण चितळ, सांबर आणि रोही (नीलगाय) चरण्यासाठी व पाण्यासाठी मुख्यतः पहाटे आणि दिवेलागणीला बाहेर पडतात. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या आधीच सूर्य मावळतो आणि आठवडी बाजारातून परतणारी माणसे नेमकी त्याच वेळी रस्त्यावर असतात. बाजारातून तासभर आधी निघणे हा माझ्या मते सर्वांत मोलाचा उपाय आहे.

धोका फक्त जंगलातच असतो, असे मानू नये. त्या दिवसांत तूर पुरुषभर उंच झालेली असते, धुरा (शेताचा बांध) आणि डांबर यांत जेमतेम दोन पावलांचे अंतर उरते, आणि तुरीत उभा असलेला राखाडी रोही संधिप्रकाशात दिसतच नाही. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन 200 किलोंहून अधिक भरू शकते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले गळू लागली की ती खायला चितळे येतात, म्हणून रस्त्याकडेला मोहाचे झाड दिसताच वेग उतरवावा.

अशा पट्ट्यात ताशी 40 किलोमीटरच्या वर जाऊ नये. जनावर दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला, तर 60 च्या वेगात 25 मीटर रस्ता तेवढ्यातच सरतो, 40 च्या वेगात 17 मीटर. शिवाय ब्रेक लागल्यानंतरचे अंतरही निम्म्याहून कमी होते. समोरच्या वाहनाच्या दिव्याने डोळे दिपले, तर वेग आणखी कमी करावा. काळ्या काचेचे हेल्मेट रात्री वापरू नये.

एकदा चितळाची मादी माझ्यासमोरून सावकाश रस्ता ओलांडून गेली. मी पुन्हा ॲक्सिलरेटर पिळला आणि दुसऱ्याच क्षणी तिचे पाडस पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर होते. त्याच्या पाठीवरचे पांढरे ठिपके मला दिव्याच्या उजेडात मोजता आले असते. तेव्हापासून एक जनावर गेले की मी थांबतो आणि ते ज्या बाजूने आले त्या बाजूला पाहतो, कारण चितळे कळपाने चालतात आणि मागची पुढच्यांच्या मागे धावतात.

जनावर रस्त्यात उभे राहिले, तर अप्पर दिवा डिपर करावा, थांबावे आणि त्याला जाऊ द्यावे. प्रखर उजेडात ते जागीच खिळते. अचानक आडवे आले, तर हँडल सरळ ठेवून दोन्ही ब्रेक दाब वाढवत लावावेत. त्याला चुकवण्यासाठी हँडल झटक्याने वळवू नये, कारण त्यात गाडी घसरते किंवा समोरून येणाऱ्या ट्रकखाली जाते. मागे बसलेल्यालाही हेल्मेट हवेच.

धडक झालीच, तर आधी माणसांना रस्त्यावरून बाजूला घेऊन 108 वर रुग्णवाहिका बोलवावी. जखमी जनावराजवळ जाऊ नये, कारण घाबरलेला रोही जोरात लाथा झाडतो. वन विभागाला 1926 वर कळवावे आणि त्यांची माणसे येईपर्यंत मागून येणाऱ्यांना दिवा दाखवून सावध करावे.