माक्याचं तेल घरी कसं कढवावं

केसांना लावायचं माक्याचं तेल बिघडतं ते शेवटच्या दहा मिनिटांत. त्याआधीचं सगळं कुणालाही जमतं, म्हणून ते भराभर सांगते.

माका, म्हणजे भृंगराज, पावसाळ्यात भाताच्या बांधावर, ओलसर जागी कुठेही उगवतो. बारीक पांढऱ्या फुलांचा घ्या. देठ चुरगळला की थोड्या वेळाने बोटं काळी पडतात, ती खरी खूण. सोबत ब्राह्मी हवी असेल तर मंडईत त्या नावाखाली बऱ्याचदा गोल पानांचा कारिवणा मिळतो. मी तोच घालते, त्यावरून वाद घालायला मला वेळ नाही.

प्रमाण शार्ङ्गधर संहिता या जुन्या आयुर्वेदिक ग्रंथाचं: कल्क (वाटलेला गोळा) एक भाग, तेल चार, द्रव सोळा. घरासाठी अर्धा लिटर घाण्याचं खोबरेल, सव्वाशे ग्रॅम कल्क आणि दोन लिटर रस. पाला पाणी घालत वाटा आणि फडक्यातून पिळा, तो झाला रस. थोडा पाला आणि भिजवलेली आवळकाठी गंधासारखी वाटली की कल्क. पाच लिटरचं जाड बुडाचं पातेलं घ्या, तेल फसफसून वर येतं. लोखंडी कढईत तेल काळंभोर होतं आणि लोकांना तेच आवडतं, पण जळकं तेलही काळंच दिसतं. मग फरक कळणार कसा? म्हणून मी स्टीलचं वापरते. त्यात तेलाला गडद हिरवा रंग येतो.

सगळं एकत्र करून मंद आचेवर ठेवा, ढवळत राहा. संध्याकाळी निम्मं आटलं की मी गॅस बंद करते आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी सकाळी. तेल एका दिवसात उतरवू नये असं ग्रंथातच आहे. शिवाय दमलेल्या माणसाने शेवटचा टप्पा करूच नये.

आता तो टप्पा. ‘तेल काळं झालं की गॅस बंद करा’ किंवा ‘वीस मिनिटं उकळा’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पहिल्या वर्षी मी ऐकलं होतं. तेल दिसायला सुरेख, आणि तीन आठवड्यांत बाटलीच्या तळाशी पाण्याचा थर, आंबूस वास, वर बुरशी. दुसऱ्या वर्षी त्या धास्तीने जास्त कढवलं. करपलेल्या मेथीसारखा वास महिनाभर उशीच्या अभ्र्याला येत होता.

कारण साधं आहे. पातेल्यात पाणी आहे तोवर तापमान शंभर अंशांच्या आसपास अडकून राहतं, तुम्ही कितीही वेळ ढवळा. शेवटचं पाणी उडालं की तेल झपाट्याने तापतं आणि कल्क काही मिनिटांत जळतो. म्हणून घड्याळाकडे बघायचं नाही, कान द्यायचा. आधी मोठे बुडबुडे, ‘बदबद’ आवाज. मग बुडबुडे बारीक होतात आणि चरचर ऐकू येते. चरचर विरळ झाली की आच अगदी कमी करा आणि तिथून हलू नका. फोन वाजला तर वाजू दे.

आता तळाचा कल्क पळीने काढा, किंचित निवू द्या आणि अंगठा-तर्जनीत वळा. बोटांना चिकटला तर पाणी आहे. मेणासारखा होऊन न चिकटता वात वळली गेली तर झालं. वात वळतच नाही, रव्यासारखा चुरा होतो, म्हणजे तुम्ही उशीर केलात. वळलेली वात चिमट्यात धरून, पातेल्यापासून लांब, ज्योतीवर धरा: तडतडली तर ओल शिल्लक आहे, मुकाट पेटली तर तेल तयार. तेल सिद्ध होताना वर फेसही येतो (तुपाचं उलटं, तिथे फेस बसतो), पण खोबरेलात तो मला नेहमी नीट दिसत नाही, म्हणून माझा भरवसा वातीवर. ही परीक्षा दर दोन-तीन मिनिटांनी करा, एकदाच नाही.

झालं की पातेलं लगेच खाली. गॅसवर तसंच ठेवलं तर तापलेलं बूड तेल पुढे शिजवत राहतं. गरम तेलात पाण्याचा थेंबही पडू देऊ नका, आणि चुकून पेटलंच तर पाणी नाही, वर घट्ट झाकण.

कोमट असताना कोरड्या मलमलीतून गाळा. चोथा पिळा, पण ते तेल वेगळ्या बाटलीत ठेवा आणि आधी संपवा, त्यात ओल असली तर निदान सगळं नासणार नाही. बाटली उन्हात खडखडीत वाळवलेली हवी. पहिल्यांदा लावताना कोपराच्या आत थोडं लावून दिवसभर बघा. टकलावर केस उगवतील म्हणून करत असाल तर एवढा खटाटोप करू नका; मी करते ते डोकं शांत राहतं आणि केस कोरडे पडत नाहीत म्हणून.

थंडीत तेल गोठेल, खोबरेल साधारण चोवीस अंशांखाली गोठतंच. बाटली गरम पाण्यात उभी करा, गॅसवर परत चढवू नका.